मांजर, मोटर आणि एक्क्याऐंशी दिवे

२ जून २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. प्रोजेक्ट यशस्वी झाल्यावर लोक विचारतात, कसं जमवलंत? तेव्हा आठवत बसायला नको.
डेनिस माझी बॉस. तिने आज नवीन प्रॉडक्टचं शेड्यूल माझ्याकडे दिलं. मांजरांसाठी आपोआप साफ होणारी शी-पेटी. आत सेन्सर, खाली मोटर, मोटरवर ट्रे. लाँच २९ ऑगस्ट. अख्ख्या कंपनीत शेड्यूलिंगचं सर्टिफिकेट फक्त मला आहे. ते फ्रेम करून टेबलावर ठेवलंय.
संध्याकाळी नागपूरहून इथे अमेरिकेत माझ्या बहिणीचा, शुभाताईचा फोन. आई गेल्यापासून बाबा तिच्याकडे असतात. बाबांना मार्चमध्ये ऐंशी पूर्ण झाली, म्हणून आता सहस्रचंद्रदर्शन करायचं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला दिव्यांनी ओवाळतात, आणि मी एकुलता एक मुलगा. गुरुजी म्हणाले, या वर्षात कधीही चालेल. बाबा मागून म्हणाले, काही घाई नाही, तुझं होऊ दे.
चार्टमध्ये लगेच टाकलं. लाँच संपलं की नागपूर. शेड्यूलिंगमध्ये जे काम मागे ढकललं तरी कोणाचं अडत नाही, त्याला फ्लोट आहे असं म्हणतात. अख्ख्या चार्टमध्ये फ्लोट असलेलं एकच काम निघालं. बाबा. फार बरं वाटलं.

१० जून
सगळ्यांकडून प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतले. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती, आणि वाट लागली तर किती. मोटरवाला राजेश मूळचा डोंबिवलीचा. तो म्हणाला, दोन आठवडे, चार आठवडे, आणि तिसरं यार लिहूच नको. त्याला समजावलं की अनिश्चितता गणिताने आवरता येते. तो म्हणाला, तू कर, मी बघतो.
प्रत्येकाने अंदाजात चोरून ठेवलेले जादा दिवस काढून घेतले आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा बफर, म्हणजे राखीव वेळ, शेवटी ठेवला. कोणाला कळलंही नाही.
मीनाक्षीने विचारलं, बाथरूमचा नळ गळतोय तो कधी दुरुस्त करणार. तिला तीन अंदाज दिले. बायको असून तिने आभार मानले नाहीत.

१ जुलै
डेनिसने चार्ट पाहिला. शेवटचा मोठा रिकामा चौकोन कसला, असं विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, बफर. ती म्हणाली, अरे वा, म्हणजे इथे काहीच काम नाही. तो तिने मार्केटिंगला देऊन टाकला.
हरकत नाही. माझे मूळ अंदाज पक्के आहेत.

९ जुलै
छोटी अडचण. राजेश म्हणतो, ट्रेचं वजन कळल्याशिवाय मोटर ठरत नाही. ट्रेवाला ब्रायन म्हणतो, मोटर ठरल्याशिवाय ट्रे ठरत नाही. लग्नात दोन व्याही एकमेकांना आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही बसा करतात आणि पंगत ताटकळते, तसं चाललंय. चार्टवर बाण गोल फिरून पुन्हा पहिल्या चौकोनात येतोय. सॉफ्टवेअर ते स्वीकारत नाही, लाल होतं.
मीच निर्णय घेतला. मांजर दहा पौंडांचं धरा आणि कामाला लागा. नेतृत्व म्हणजे दुसरं काय.

१५ जुलै
टेस्टिंगसाठी बाहेरच्या एजन्सीची मांजरं सप्टेंबरपर्यंत बुक आहेत. म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर लाँच अडतं, त्या क्रिटिकल पाथवर आता मांजर आहे. आपल्याकडे मांजर आडवं गेलं तर माणूस दोन पावलं मागे येतो. इथे ते वाटेत बसलंच आहे.
उपाय सापडला. शेल्टरमधून मांजर घरी आणलं. टेस्टिंग समांतर सुरू. मीनाक्षी म्हणाली, विचारायचं तरी होतंस. आमची मुलगी केया चौदा वर्षांची आहे आणि मार्चपासून माझ्याशी फक्त वायफायबद्दल बोलते. आज ती म्हणाली, डॅड, यू आर लिटरली द बेस्ट. नाव तिने ठेवलं, मफिन.
रात्री बाथरूमच्या काट्यावर मफिनचं वजन केलं. सोळा पौंड. काटा खराब असावा.

२ ऑगस्ट
मफिन पेटीत शिरायचा अंदाज होता: सुरळीत झालं तर एक दिवस. अजून शिरलेली नाही. समोर बसून बघते. मोटर सुरू झाली की फ्रिजच्या मागे जाते.
बाकीचा कार्यक्रम तिने तुळशीच्या कुंडीत उरकला. मीनाक्षीने कुंडी उचलून वरच्या खोलीत नेली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं, एवढंच.

१९ ऑगस्ट
लाँच १० सप्टेंबर. ही ढिलाई नव्हे, याला री-प्लॅनिंग म्हणतात. त्याप्रमाणे नागपूरचा सोहळा १४ सप्टेंबरला ठेवला आणि ताईला कळवलं. ताई म्हणाली, चारू, तेव्हा पितृपक्ष आहे. जिवंत माणसाला ओवाळायचं आहे, विसरलास काय. मी म्हटलं, ही अट मला आधी कोणी दिली नव्हती. ताई म्हणाली, तुझ्या घरी कॅलेंडर नाही का.
बाबा मागून म्हणाले, अगं, काही घाई नाही, त्याचं होऊ दे.
बाबा हे आदर्श स्टेकहोल्डर आहेत. आमच्या ट्रेनिंगमध्ये त्यांचं उदाहरण द्यायला हवं.

२४ सप्टेंबर
काटा बरोबर होता. अमेरिकेत सोळा पौंडांची मांजरं बरीच आहेत म्हणे. ट्रे मोठा केला. मग मोटर मोठी. मग झाकण बसेना. झाकणासाठी साचा पुन्हा. साच्यासाठी ट्रेचं माप पुन्हा. राजेश म्हणाला, यार, आपण जुलैत आलो परत.
लाँच ३१ ऑक्टोबर.
घरी आलो तर मीनाक्षीने स्वतःची आणि केयाची तिकिटं काढली होती, ३० ऑक्टोबरची, पैसे परत न मिळणारी. तिने आणि ताईने परस्पर तारीखही ठरवली. त्रिपुरी पौर्णिमा, ५ नोव्हेंबर, संध्याकाळी सात, एक्क्याऐंशी दिवे. अंदाज नाही, चार्ट नाही, एकही बाण नाही. तिला समजावलं की नुसती तारीख म्हणजे प्लॅन नव्हे. ती म्हणाली, आमच्याकडे असतो.
असो. लाँच करून मी २ नोव्हेंबरला निघतो. तिकीट काढलं. नळ दुरुस्त झालेला दिसला. तिने प्लंबर बोलावला होता. मला किमान कळवायला हवं होतं.

१८ ऑक्टोबर
साच्याला तडा गेला. लाँच आता थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबर संपताना. डेनिस म्हणाली, त्याआधी सगळ्यांनी बसून एक मोठा रिव्ह्यू करू, तारीख तू दे.
इथे माझं कौशल्य लागलं. नागपूरचे संध्याकाळचे सात म्हणजे इथे सकाळचे साडेनऊ. रिव्ह्यू ५ नोव्हेंबरला साडेआठला ठेवला. नऊ-वीसला संपेल. दहा मिनिटं बफर. साडेनऊला व्हिडिओ कॉलवर ओवाळणी. दोन्ही कामं, एकच सकाळ. मी स्वतःवरच खूष आहे.
तिकीट रद्द केलं. डिसेंबरमध्ये जाऊ. बाबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, काही घाई नाही. मग विचारलं, पण फोनवर असशील ना?
म्हटलं, शंभर टक्के. हा आकडा आमच्या धंद्यात कोणी वापरत नाही, पण बाबांसाठी वापरला.

३१ ऑक्टोबर
काल दोघींना न्यूअर्क विमानतळावर सोडलं. घर फार शांत आहे. मी डिसेंबरची बॅग आत्ताच भरायला घेतली. त्याला अर्ली स्टार्ट म्हणतात. बाबांसाठी ओक ट्री रोडच्या देशी दुकानातून घेतलेली शाल मीनाक्षीने मुद्दाम इथेच ठेवली होती, तुझ्या हातानेच दे म्हणाली. ती बॅगेत सगळ्यात वर ठेवून चहा करायला गेलो.
मफिनला अखेर एक पेटी आवडली. माझी बॅग.
डेटा म्हणून नोंद केली: चौकोनी, उथळ, मोटर नसलेली. शाल ड्रायक्लीनरकडे दिली. कधी मिळेल विचारलं तर म्हणाला, मंगळवार. मी म्हटलं, आणि वाट लागली तर? त्याने माझ्याकडे बघितलं आणि पावती फाडली.

२ नोव्हेंबर, रविवार
दरवर्षी हिवाळ्याआधी होतं तसं पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. सरकारने फुकट एक तास बफर दिला. तो स्लाइड्स नीट करण्यात घालवला.
मीनाक्षीचा नागपूरहून मेसेज: घड्याळ बदललंय, लक्षात आहे ना? मी उत्तर दिलं: वेळ हा माझा धंदा आहे. तिने अंगठा पाठवला.

५ नोव्हेंबर, सकाळी ८
इस्त्रीचा शर्ट. फोन चार्ज. स्लाइड्स चाळीस. सगळं प्लॅनप्रमाणे.

५ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
नीट लिहून ठेवतो.
साडेआठला सगळे जमले. फोन सायलेंटवर, पालथा. पहिली स्लाइड लावायच्या आत डेनिस म्हणाली, प्रॉडक्ट बंद करतोय. निर्णय कधी झाला, असं ब्रायनने विचारलं. ती म्हणाली, दोन आठवडे झाले, पण शेड्यूलमध्ये रिव्ह्यू आजचा होता, म्हणून थांबलो. मग माझ्याकडे वळून चांगल्या मनाने म्हणाली, चारू, या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांनी मनापासून पाळलेली गोष्ट एकच, तुझं शेड्यूल.
पावणेनऊला मीटिंग संपली. हातात पाऊण तास. राजेशबरोबर कॉफी घेतली. तो म्हणाला, यार, म्हणजे तू नागपूरला जाऊ शकला असतास. मी म्हटलं, जातोच आहे, साडेनऊला. फोन पालथाच होता. वेळेच्या आधी काय बघायचं.
बरोबर साडेनऊला रिकाम्या मीटिंगरूममध्ये कॉल लावला. समोर ताईचा हॉल. खुर्च्या घड्या करून भिंतीला लावलेल्या. ताटांमधले दिवे विझलेले, वातींचा धूर.
मीनाक्षीने फोन घेतला. ओरडली नाही. म्हणाली, इथे आठ वाजलेत. मी म्हटलं, सात. ती म्हणाली, रविवारी तुमची घड्याळं मागे गेली, आमची नाही गेली. सात वाजता तुझ्याकडे साडेआठ झाले होते.
तो फुकटचा तास नागपूरहून आला होता.
ताईने फोन घेऊन उरलेलं सांगितलं, तिच्याच शब्दांत लिहितो. सातला दिवे लावले. बाबा पाटावर बसले आणि म्हणाले, थांबा, चारूचा फोन येईल. सगळे फोन लावून लावून थकले. आधी लावलेले दिवे विझायला लागले, त्यात पुन्हा तेल घातलं, तोवर नंतरचे विझले. शेजारच्या बायका बिचाऱ्या ताटं धरून उभ्या. शेवटी पावणेआठला मीच म्हटलं, बाबा, आता ओवाळून घेऊ. अर्धेच दिवे होते तेव्हा. आणि बाबा अजूनही उठून नाही राहिले, म्हणतात त्याचा फोन यायचा आहे.
मग बाबा दिसले. नवं धोतर, कपाळाला कुंकू, पाटावर. विचारलं, झालं का तुझं?
म्हटलं, झालं बाबा.
म्हणाले, जेवलास? इथे सकाळ आहे हे त्यांच्या कधी लक्षात राहत नाही. आज कळलं की माझ्याही राहत नाही. मला रडू आलं. ऑफिसात पहिल्यांदाच, आणि तेही प्रोजेक्टसाठी नाही.
बाबांनी विषय बदलला. म्हणाले, केया सांगत होती, तुझं मशीन मांजरांचं आहे म्हणून. मी त्यांना पाच महिने सॅनिटेशन सिस्टीम म्हणून सांगत होतो. म्हणाले, चांगलं आहे, त्यांनाही लागतंच.
केयाने एक दिवा पुन्हा लावून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ओके डॅड, युअर टर्न. माझ्याजवळ ना ताट, ना वात. फोनचा टॉर्च लावला आणि फोनच गोल फिरवला, तीनदा. तिकडे बाबांना माझा चेहरा गरगरताना दिसला असणार. ते हसत होते आणि हात जोडून बसले होते. काचेबाहेरून डेनिस जात होती. तिला वाटलं मी तिलाच हात करतोय. तिनेही केला.

६ नोव्हेंबर
आज रात्रीचं तिकीट मिळालं, मधली सीट. चार्ट केला नाही. शाल मिळाली.
मफिनला राजेशकडे सोडायचं होतं. तिला शोधत गेलो तर ती पेटीत होती. शांतपणे बसली, उरकलं, बाहेर आली. सेन्सर लागला, मोटर फिरली, ट्रे साफ झाला. एकही दोष नाही. बघायला घरात मी एकटाच.
बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, सगळं सोडून शनिवारी पोचतोय. मग म्हणाले, शनिवारी मी नाही रे. आमच्या ज्येष्ठ नागरिकांची रामटेकला सहल आहे, रविवारी रात्री येतो. किल्ली ताईकडे आहे. तू ये, जेव, झोप. काही घाई नाही.
आणि या वेळी म्हणाले, माझं होऊ दे.