आत्याचा टिळा

बाबा, आज बारावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, ब्लेस हा शब्द आला कुठून?’ मी ऐटीत मोठा शब्दकोश उघडला आणि वाचता वाचता मध्येच थांबले. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ रक्ताने पवित्र करणं असा असावा म्हणतात. बळीचं रक्त वेदीवर शिंपडायचे. पुढे धर्म बदलला, रक्त गेलं, शब्द तेवढा राहिला. मी तास लवकर सोडला.

हा शब्द मला तुम्हीच शिकवलेला. आदिलाबादच्या मराठी शाळेत इंग्रजीचे मास्तर तुम्ही. फळ्यावर तो लिहून म्हणाला होतात, ‘हात वर करून चांगलं चिंतणं. ना नारळ, ना कोंबडं.’ आपल्या घरात बुद्धवंदना व्हायची. आजोबांनी धम्म घेताना जे सोडलं ते उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हा तुमचा हट्ट. तो मला पटायचा आणि त्याची भीतीही वाटायची.

दहावीच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी आत्या इंद्रवेल्लीहून पहिल्या बसने आली. स्वयंपाकघरात मला उभं करून तिने पदराची गाठ सोडली. आत गावदेवी पोचम्मापुढे कापलेल्या कोंबड्याच्या रक्तात भिजवलेला कापूस. तिचं बोट कपाळाला टेकतं न टेकतं तोच तुम्ही दारात.

‘अक्का, काऊन केलं हे?’

‘पोरगी परीक्षेले जाऊन राह्यली. वाईट काय केलं मी?’

‘आपल्या बापानं सोडलं ते तू पोरीच्या कपाळी लावतं? जाय. पुन्हा या घरी येऊ नको.’

ओल्या फडक्याने तुम्ही माझं कपाळ इतकं घासलंत की कातडी सोलवटली. आत्या एकदाच माझ्याकडे बघते, चपला घालून निघून जाते. ती परत आली ती तुमच्या मातीला, आणि तेव्हाही अंगणातच उभी राहिली.

शब्दकोश मिटल्यावर तुम्हाला खिजवावंसं वाटलं, की मास्तर, तुमचा तो स्वच्छ शब्दसुद्धा आत्याच्याच वाटेने आलाय. पण तुमची चूक काढायला मला तोंड नाही. गणिताच्या धास्तीने मीच बसच्या कंडक्टरकडून आत्याला निरोप धाडला होता, ‘पोचम्माचं लावून दे, बाबांना सांगू नको.’ तिने सांगितलं नाही. मीही नाही. आता ती अंथरुणाला खिळली आहे. काल तिच्या मुलाचा फोन आला, ‘येऊन जा, ताई. आई तुझंच नाव घेऊन राह्यली.’ मी म्हणाले, कॉलेजला सुट्टी नाही.

उद्यापासून चार दिवस सुट्टी आहे, बाबा.