कॉर्डेलच्या गुडघ्याबद्दल

मी, व्हर्जिल ड्रेशर, वय एकाहत्तर, प्लम क्रीक कॉलेजच्या फुटबॉल संघाचा निवृत्त सहायक प्रशिक्षक, राहणार टिल्डन फोर्क, नेब्रास्का, या मृत्युपत्रात लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बहुतेक लोक यातून उठतात, असं डॉक्टर म्हणाले. तो ‘बहुतेक’ माझ्या डोक्यातून जात नाही. मला भीती वाटते.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी धाकटी बहीण ओपल हिला. “मेल्यावर घर देण्यापेक्षा जिवंतपणी छप्पर नीट कर की रे,” असं तिचं म्हणणं. छप्परही तिलाच.

२. माझी मोजपट्टी आणि वह्या आमच्यानंतर संघासाठी पोरं हेरायला गावोगाव जो फिरेल त्याला. शाळेनं कागदावर लिहिलेली उंची त्यानं खरी मानू नये. बूट काढायला लावून स्वतः मोजावी. आई किती उंच आहे ते बघावं, पोर अजून किती वाढेल ते कळतं. हिवाळ्यात पोराचा बास्केटबॉलचा सामना बघावा, पायांची चपळाई तिथं कळते. स्वभाव शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईला विचारावा.

३. मुख्य प्रशिक्षक अर्ल नीमन याला काहीही मिळू नये. मी आणलेल्या पोरांना तो ‘पाप्याची पितरं’ म्हणायचा, आणि तीच जिंकली की वर्तमानपत्रात फोटो ह्याचा. अंत्यविधीला खुशाल यावं. भाषण करू देऊ नये.

४. कॉर्डेल मेबरी याला मी साक्षीदार करतो आहे. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असं वकीलबाईंनी बजावलं, म्हणून वस्तू देत नाही. त्याचं जे माझ्याकडे आहे ते इथं लिहितो.

कॉर्डेलची शाळा इतकी लहान होती की अकरा गडी जमायचे नाहीत. तिथं आठ-आठ जणांचे सामने होत. मोठ्या विद्यापीठांचे लोक असल्या गावी फिरकत नाहीत, म्हणूनच मी फिरकायचो. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये अंगाला अंग भिडतं; हा सतरा वर्षांचा, काटकुळा, पण समोरच्याला असा मागे रेटायचा की मी गाडीतली कॉफी विसरलो. जानेवारी २००४ मध्ये मी त्याच्या शाळेच्या ऑफिसात एकटाच बसलो होतो आणि फोन वाजला. मी उचलला. एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस होता. मी शाळेचाच आहे असं समजून म्हणाला, “तुमचा तो मेबरी कसा आहे हो? फुकट शिक्षणाची एक जागा उरलीय.”

मी म्हणालो, “गुडघा गेलाय त्याचा.”

गुडघा ठणठणीत होता. त्या माणसानं यादीतलं नाव खोडलं आणि कॉर्डेल आमच्याकडे आला. चार वर्षं मी त्याला खाऊपिऊ घातलं, घडवलं, आणि हे सगळं खरंखुरं प्रेमानं केलं. आज तो आमच्याच मैदानावर पोरांना शिकवतो. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या टेबलाशी बसून सगळ्यांना सांगतो, “कोच सोडून मला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.” मी त्याच्या ताटात टर्की वाढत राहतो.

हे लपवून मरायची मला भीती वाटते. सांगून जगायची त्याहून जास्त. साक्षीदारानं मजकूर वाचायलाच हवा असा नियम नाही. पान दुमडून सही घेता आली असती. पान उघडं ठेवलं आहे.

व्हर्जिल ड्रेशर
टिल्डन फोर्क, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
१. लोइस हान्सेन, शेजारीण. यांनी आमच्यासमोर सही केली.
२. कॉर्डेल मेबरी. सही माझ्यासमोर केली. सगळं वाचलं, दोनदा. गुरुवारी दवाखान्यात तुम्हाला मीच नेणार. वाटेत एक शब्द बोलू नका, कोच. जे बोलायचं ते मी तुम्ही उठल्यावर बोलणार आहे, तेव्हा उठा.