काढ्याचं प्लास्टर

३ फेब्रुवारी

काढा बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन तुंबलं! तळाशी चोथा असतो हे डोक्यातच आलं नाही. सासूबाईंनी तार घालून चोथा उपसला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, गाळणी बदलायला हवी. बस, एवढंच. त्यांना कळलं की नाही? चोराच्या मनात चांदणं — दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

५ फेब्रुवारी

माझ्या अंडाशयांवरून घरात दोन पक्ष पडलेत. नवऱ्याचा गोळी पक्ष आणि सासूबाईंचा काढा पक्ष. माझी पाळी चुकते त्याला डॉक्टरीणबाईंनी ‘पीसीओएस’ म्हटल्यापासून नवरा तर सुटलाच आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला जगात सगळीकडे लिफ्टच दिसते. मोटार ठीक, केबल ठीक, सिग्नल मात्र मजल्यापर्यंत पोचत नाही म्हणे. माझ्या पोटाबद्दल बोलतोय हा!

सासूबाई त्यांच्या वैद्यांचा काढा रोज सकाळी उकळतात. शेजारची मांजर आमच्याकडे यायची बंद झाली, यावरून वासाची कल्पना यावी.

मी दोन्ही घेते. म्हणजे, दोघांना तसं वाटतं. गोळीनं पोट ढवळतं आणि मी काम करते त्या दातांच्या लॅबमध्ये सगळ्यांत मिळून संडास एक. म्हणून कामाच्या दिवशी गोळी माझ्या मेणाच्या खणात जाते. काढा जागा मिळेल तिथे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तो पाहुणा मीच.

१० फेब्रुवारी

बेसिन प्रकरणानंतर काढा थर्मासमधून कामावर यायला लागला. ‘अकराच्या सुमारास घे, कोमट असेल.’ संध्याकाळी सासूबाई थर्मास उघडून तपासतात! लॅबचं बेसिन तुंबवलं तर मालक मलाच तारेनं उपसतील.

पण आज एक भन्नाट युक्ती सुचली. आम्ही कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की त्या साच्यावर मेणात दात बसवायचे. आणि प्लास्टर कालवायला लागतं पाणी. पाणीच कशाला हवं? काढा ओतला. चोथ्यासकट. अशी अक्कल शाळेत असताना कुठे गेली होती?

११ फेब्रुवारी

घट्ट झालंच नाही. कुणा निवृत्त बस ड्रायव्हरचा खालचा जबडा — चॉकलेटी, आणि ओल्या साबणासारखा. बोट लावलं तर आत गेलं.

१२ फेब्रुवारी

अर्धा काढा, अर्धं पाणी करून बघितलं. अर्धाच जबडा घट्ट झाला.

१४ फेब्रुवारी

मालकांनी प्लास्टरवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. भेसळ करतोस, तुझ्या पोत्यात माती आहे, वगैरे. मी मान खाली घालून मेण खरवडत बसले. त्यानं बिचाऱ्यानं नवं पोतं पाठवलं. थर्मास काही त्यातही रिकामा व्हायचा थांबला नाही. नवं पोतंही बिघडलं.

२० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून तोंड वाकडं केलं. काहीच फरक नाही, म्हणून गोळी वाढवली. संध्याकाळी सासूबाईंनी वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली. काहीच फरक नाही, म्हणून काढा वाढवला. दोन्हीकडे माझा आजार हट्टी ठरला! आजाराचा काय दोष, त्याला अजून कुणी औषधच दिलेलं नाही.

येताना रिक्षात हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. हिवाळा सुरू झाल्यापासून पाळी नाही. पुढच्या वेळेपर्यंत नाही आली तर आणखी तपासण्या, आणखी औषधं. मुलाबाळांचं नंतर बघू. पण स्वतःचं शरीर आपलं ऐकेनासं होतं तेव्हा भीती वाटते. आपलं काहीतरी कायमचं बिघडलंय असं वाटतं. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर दोन्ही पक्ष डोस आणखी वाढवतील.

२१ फेब्रुवारी

नवा काढा. जुन्याला मी उगाच नावं ठेवत होते.

२५ फेब्रुवारी

प्लास्टरवाला स्वतः आला. शर्टाला इस्त्री करून, हातात पिशवी. आमच्या टेबलावर, आमच्यासमोर त्यानं त्याचं प्लास्टर साध्या पाण्यात कालवलं. बघता बघता दगड झाला. मालक म्हणाले, आज नमुना चांगला आणलास, पण उद्यापासून माल दुसऱ्याकडून घेणार. त्याचा चेहरा उतरला. मला राहवेना. माझा थर्मास टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पाळीसकट! प्लास्टरवाला पंख्याकडे बघत राहिला.

मालकांनी थर्मासचं झाकण उघडून वास घेतला आणि दोन पावलं मागे गेले.

“दुखणं तुझं. तू प्यायचं का माझ्या जबड्यांना पाजायचं?”

मग खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. प्लास्टरवाल्याचं काम टिकलं. मला मेलीला लॅबमध्ये ‘वैद्यबाई’ नाव पडलं.

२७ फेब्रुवारी

आता लाज कसली! थर्मास आणि खणातल्या मेण लागलेल्या गोळ्या घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळ्या बघितल्या, मला बघितलं, पुन्हा गोळ्या बघितल्या. आधी सांगितलं असतं तर डोस वाढवलाच नसता, म्हणाल्या. आता कमी डोस, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवायचा. काढ्यात काय काय आहे ते माझ्या फोनवरून थेट वैद्यांना विचारलं. एक मुळी या गोळीबरोबर नको, असं दोघांचं ठरलं. वैद्य म्हणाले, गोळी सोडू नका हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. (सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांच्या भिंतीवरची पाल बघत होते.)

आणि रोज चाला, वेळेवर झोपा — हे दोघांनीही पहिल्यापासून सांगितलेलं. एवढ्या भांडणात दोन्ही पक्षांचं जिथे एकमत होतं, नेमकं तेच मी केलं नव्हतं.

घरी सांगितलं. नवरा तासभर रुसला, मग आपणहून चालायचे बूट शोधायला लागला. सासूबाईंनी थर्मास घासून पालथा घातला. मला ते रुसण्यापेक्षा जड गेलं.

९ मार्च

रोज चालतोय. नवरा वाटेतल्या प्रत्येक इमारतीत थांबून लिफ्टचा आवाज ऐकतो. व्यायाम माझा एकटीचाच होतो.

२ एप्रिल

गोळी पोटात राहते. नवा, मुळी काढलेला काढा अर्धा कप. जीभ अजून निषेध करते.

१७ एप्रिल

आली!

लॅबमध्ये, कुणाच्या तरी सुळ्याला आकार देताना. पोट दुखतंय आणि मी वेड्यासारखी हसतेय. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, बघ, सिग्नल पोचला! श्रेय गोळीचं, काढ्याचं, की चालण्याचं, यावर रात्री मोठी सभा भरणार अशी माझी खात्री होती. पण सासूबाईंनी श्रेय मागितलंच नाही. गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि आत गेल्या.

१८ एप्रिल

सकाळी ओट्याशी मीच विचारलं, आई, तुम्हाला ते बेसिनच्या दिवशीच कळलं होतं ना?

“तेव्हाच कळलं. मलाही असंच असायचं गं, तेव्हा त्याला नाव नव्हतं. माझ्या सासूबाई हाच काढा द्यायच्या. मी रोज मागच्या पेरूच्या मुळाशी ओतायचे.”

मग मला का देत होतात?

त्यांनी गाळणी धुवायला घेतली.

“याच्या पाठीवर मला एक मुलगी हवी होती. प्यायले असते तर झाली असती का, एवढंच बघायचं होतं.”

मी कप उचलला आणि तिथेच उभ्या उभ्या सगळा प्यायले. चोथ्यासकट.