तिसऱ्या कठड्यावरचा आवाज

सँडविक,
१४ जून १९७१

ती. बाबांना नेव्हिलचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या क्रॅगशॉ टाऊन फुटबॉल क्लबने मला मागितलं आहे. तेरा वर्षं चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागात राइट बॅक म्हणून उजवी बाजू राखत खेळलो, चार गावं झाली, दोन्ही गुडघे कापून झाले. आता तेहेतिसाव्या वर्षी मला कोणी विचारील असं वाटलं नव्हतं. मॅनेजर लोमॅक्स म्हणाले की नाताळपर्यंत बघू. गावाने पसंत केलं तर पूर्ण वर्ष, नाहीतर बूट खुंटीला.

पॉलीनचं आणि माझं लग्न मोडल्याचं आईने सांगितलं असेलच. मार्चमध्ये ती आमच्या गोलकीपरबरोबर निघून गेली. इथे आता माझं कोणी नाही.

एवढ्या वर्षांत तुम्ही माझा एकही सामना पाहिला नाहीत, कारण शनिवारी तुम्हाला टाऊनचा सामना असतो. आता ती सबब उरली नाही. मला शेवटचं वर्ष तुमच्यासमोर खेळायचं आहे. खेळून संपल्यावर तुम्ही एकदा बरं म्हणावं, एवढंच.

लोभ असावा, कमी असला तरी चालेल.

आपला,
नेव्हिल

--

क्रॅगशॉ,
१८ जून १९७१

चि. नेव्हिलला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईने वाचून डोळे पुसले. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, कारण इतका मूर्खपणा एका दमात वाचून होत नाही.

येऊ नकोस. स्पष्ट लिहितो, म्हणजे गुडघ्यांबरोबर डोकंही कापून घेतलंस का ते विचारावं लागणार नाही. गोलच्या मागे, उभ्याने बघायच्या पायऱ्यांवर, तिसऱ्या कठड्यापाशी मी चाळीस वर्षं उभा राहतोय. डाव्या हाताला क्रॅबट्री, उजव्या हाताला त्याचे मेहुणे. आम्ही तिथे किती राइट बॅक कच्चे खाल्ले याची गणती नाही. एक ऑस्ट्रेलियाला गेला, एक पाद्री झाला. ते परके होते, म्हणून आम्हाला मजा आली.

पॉलीनचं गावभर झालं आहे. क्रॅबट्री परवा म्हणाला की त्या गोलकीपरच्या हातात आयुष्यात टिकलेली ती पहिलीच गोष्ट. सगळे हसले. सून दुसऱ्याची असती तर मीही हसलो असतो.

इथे येणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिकडेच कुठेतरी पोरांना शिकवायची नोकरी बघ. खेळता येत नसलं की लोक शिकवतात.

लोभ आहे तेवढा आहे. तो वाढवण्यासारखं काही तू केलेलं नाहीस.

तुझा,
बाबा

--

क्रॅगशॉ, मिसेस रडकचं घर,
५ सप्टेंबर १९७१

ती. बाबांना नेव्हिलचा नमस्कार.

आपल्या घरापासून मी दोन बस लांब, मिसेस रडककडे भाड्याच्या खोलीत राहतो, तरी पत्र लिहितो आहे, कारण समोर उभं राहून बोलण्याची माझी इच्छा संपली आहे.

कालचा माझा इथला पहिला सामना. खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आलो. मैदानावर चार हजार माणसं होती आणि मला आवाज ऐकू आला तो एकट्या तुमचा. कापसाच्या गिरणीत मागांच्या खडखडाटावर ओरडून कमावलेला आवाज तो, तो कोणाला चुकवता येतो? चेंडूला माझा पाय लागायच्या आधीच तुम्ही विचारलंत की हे कपाट मैदानात कोणी आणून ठेवलं, निदान त्याला चाकं तरी लावा. लोक हसून हसून वाकले. मग माझ्या ढुंगणावर तुमचं प्रवचन झालं. उत्तरार्धात तुम्ही पंचांना सांगितलंत की हा माणूस तासभर एकाच जागी आहे, त्याचं टपाल तिथेच पाठवायला सांगा.

तेरा वर्षं परक्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या भाकरी म्हणून खाल्ल्या. पण बापाच्या तोंडून ऐकायला मी इथे आलो नव्हतो. रविवारी जेवायला येणार नाही. पुढच्याही येणार नाही. आईला माझा नमस्कार.

लोभाचं तुम्हीच बघा.

नेव्हिल

--

क्रॅगशॉ,
९ सप्टेंबर १९७१

चि. नेव्हिलला आशीर्वाद.

तू वळतोस ते कपाटासारखं नाही का? मग रागवायचं काय. तो ऑल्डविक संघाचा, कडेने पळणारा पोरगेला विंगर तुझ्या बाजूने गेला, आला, परत गेला, आणि तू अजून पहिल्यांदाच वळत होतास.

मी तिकीट काढून उभा राहतो. तिथे काय बोलावं ते मला शिकवू नकोस. येऊ नको म्हटलं होतं, आलास. आता नाचता येईना अंगण वाकडं, आणि त्या अंगणात बाप उभा, अशी तक्रार चालणार नाही.

जेवायला येणं न येणं तुझ्या मर्जीवर आहे. आई दर रविवारी तुझं ताट मांडते आणि ते मला संपवावं लागतं. कांद्यात शिजवलेलं आतडं दोघांच्या वाटचं खाऊन माझं पोट सुटलं आहे. तेवढं लक्षात ठेव.

लोभ आहे तोच.

बाबा

--

मिसेस रडकचं घर,
१५ नोव्हेंबर १९७१

ती. बाबांना नमस्कार.

तुमची कीर्ती वाढली आहे, म्हणून कळवतो. तुम्ही आज काय बोलणार ते ऐकायला लोक तिसऱ्या कठड्याकडे सरकून उभे राहतात, असं तिकीटवाला सांगत होता.

लोमॅक्सना नवल वाटतं की लोक मला हसतात, पण माझ्यावर चिडत नाहीत. मागच्या राइट बॅकला म्हणे बाटल्या मारल्या होत्या. ते म्हणाले की गाव असंच राहिलं तर नाताळनंतर वर्ष पक्कं करू. मी मान हलवली. मनात म्हटलं, चिडावं एवढीही लायकी बापाने ठेवली नाही, जत्रेतला विदूषक करून टाकला.

पण मला हे वर्ष हवं आहे. बूट काढले की मी कोण उरतो ते मला माहीत नाही. म्हणून विदूषक तर विदूषक.

आईची तब्येत कशी आहे तेवढं कळवा. तुमची मैदानावर ऐकू येते.

नेव्हिल

--

क्रॅगशॉ,
९ डिसेंबर १९७१

चि. नेव्हिलला आईचे खूप आशीर्वाद.

बाळा, ह्यांची छाती पुन्हा धरली आहे. गिरणीचा कापूस अजून निघतोय म्हणायचा. डॉक्टरांनी धुक्यात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं आहे, तेव्हा शनिवारच्या सामन्याला हे नसतील. तुला बरंच वाटेल, मला ठाऊक आहे. तुम्ही दोघं एकाच मातीचे, दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचीही सोय नाही.

पण एक सांगते. हे सप्टेंबरपासून दर शनिवारी घसा बसवून घरी येतात आणि रात्री मीठपाण्याच्या गुळण्या करतात. आठवडाभर चुलीपाशी बसून काहीतरी पुटपुटत असतात, मधेच स्वतःशी हसतात. मी म्हटलं, लेकाची अब्रू काढायला एवढी तयारी लागते का? तर म्हणाले, हिल्डा, जागा अडवून ठेवावी लागते, मोकळी दिसली की कोणीही घुसतं. मला काही कळलं नाही. आज तापात कोट मागत होते. कोट मी शेजारच्या घरी नेऊन ठेवला आहे.

रविवारी तुझं ताट मांडीनच. माया आहे, तिला काही लागत नाही.

तुझी,
आई

--

मिसेस रडकचं घर,
१२ डिसेंबर १९७१

ती. बाबांना नेव्हिलचा साष्टांग नमस्कार वि. वि.

काल तुम्ही नव्हतात. खेळ सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं तिसऱ्या कठड्यापाशी कोणीच बोललं नाही. मला वाटलं, सुटलो. मग क्रॅबट्रीने ते गोलकीपरचं काढलं. त्याच्या मेहुण्यांनी पुढचं जोडलं. अर्ध्या तासात गोलमागचा सगळा घोळका पॉलीनच्या नावाचं गाणं म्हणत होता. त्यातले शब्द लिहीत नाही, कारण हे पत्र आई वाचेल. कोणी हसत नव्हतं, बाबा. एक बाटली माझ्या पायापाशी फुटली. मी पहिल्यांदा मैदानावर रडलो. पाऊस होता म्हणून निभावलं. लोमॅक्स म्हणाले की गाव उलटलं दिसतं, सत्तावीस तारखेचा सामना बघू आणि मग ठरवू.

रात्री बसून आठवून पाहिलं. सप्टेंबरपासून तुम्ही माझं वळणं काढलंत, ढुंगण काढलंत, किक काढलीत, गुडघे काढलेत. पॉलीनचं नाव एकदाही नाही. दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला तुम्ही फटच ठेवली नव्हती. आणि मी इतका मठ्ठ की शब्द ऐकत बसलो. वळायला मला वेळ लागतो, हे तुम्ही बोललात ते खरंच आहे.

सत्तावीसला सोमवार आहे, नाताळची सुट्टी. तोवर बरे व्हा. गळपट्टा मी आणून देतो. कपाटाचं आता जुनं झालं, नवीन काहीतरी शोधून ठेवा. या, आणि मला पोटभर शिव्या घाला. तुमच्याशिवाय मला तिथे उभं राहता येत नाही.

आज जेवायला यायचं होतं, पण डोळे सुजले होते. पुढच्या रविवारी येतो. माझं ताट तुम्ही संपवू नका.

लोभ होता, मला ऐकू आला नाही. तो तसाच असू द्यावा.

तुमचा,
नेव्हिल

--

क्रॅगशॉ,
१५ डिसेंबर १९७१

चि. नेव्हिलला अनेक आशीर्वाद.

तू पत्रात भलतेच अर्थ काढले आहेस. चेंडू डोक्याने मारून मारून माणसाचं असं होतं. मी तुझ्या खेळाबद्दल जे बोललो ते शब्दन् शब्द खरं मानून बोललो, आणि अजून मानतो. वरच्या विभागांचं तर राहोच, तू चौथ्यातही कसा तेरा वर्षं टिकलास, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

ताप उतरला. गुळण्या चालू आहेत. डॉक्टर नको म्हणतो, पण तो क्रिकेटवाला आहे. क्रॅबट्री काल फळं घेऊन आला होता, त्याला फळांसकट परत पाठवला. सत्तावीसला माझी जागा मोकळी ठेव, एवढंच त्याला सांगितलं. तुझ्या धावण्यावर एक नवीन सुचलं आहे. आई म्हणते लिहू नका. तिथेच ऐक.

गळपट्टा लोकरीचा आण. रविवारी वेळेवर ये, आतडं गार झालं की खाववत नाही.

लोभ आहे. गावात कोणाला सांगू नकोस.

तुझा,
बाबा