फ्लॉसीबायचं गोड चूर्ण

नंदाखाल,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय फ्लॉसीबाय हीस,
धाकट्या भावाचा, सॅन्टनचा सप्रेम प्रभुप्रणाम.

फोन सोडून पत्र का, म्हणून चिडू नकोस. फोनवर तू रागावतेस, मी भांडतो आणि मला धाप लागते. हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलंय, बोलणं बेतानं करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. लिहिताना धाप लागत नाही, शिवाय तुला मध्येच तोडता येत नाही.

तू पाठवलेलं हृदयाचं चूर्ण सकाळ-संध्याकाळ घेतो. गोड लागतं. पण पाय इतके सुजलेत की बूट चढत नाहीत. मी चोरून सुके बोंबील खातो, असं तुझ्या भावजयीचं, रिटाचं म्हणणं. देवाशपथ सांगतो, बोंबलाचा वासही घेतला नाही. तिनं लोणच्याची बरणी शेजारच्या रोझमेरीकडे नेऊन ठेवलीय. मला अळणी पेज वाढते आणि वर मी तोंड वाकडं करतो का ते बघत बसते.

नाताळानंतर एलिसाचं लग्न. आपला स्टीवन असता तर त्यानंच लेकीला वेदीपर्यंत नेलं असतं. आता ती म्हणते, आजोबा नेतील, नाहीतर मी एकटी चालत जाईन. बूट घालून, मध्ये कुठं न थांबता नातीला न्यायचंय, बाय. दुसरं काही मागत नाही.

लोभ आहेच, तो तरी अळणी होऊ देऊ नकोस.
तुझा,
सॅन्टन


नायगाव,
१९ नोव्हेंबर

चि. सॅन्टन यास अनेक आशीर्वाद.

रिटाचं बरोबर आहे. लहानपणी वाळत घातलेले बोंबील तू पळवायचास आणि मार मांजराला बसायचा. जन्मभर मी शाळेत मुलांची तोंडं बघून चोर पकडलेत, तुझी शपथ मला सांगू नकोस. पापडसुद्धा बंद कर.

चूर्ण मात्र सोडू नकोस. आमच्या टॉवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली कृती आहे, मी स्वतः मिक्सरला लावलंय. अर्जुनसाल, पुनर्नवा आणि ज्येष्ठमध. मूळ कृती कडूजहर होते. कडू औषध तू अंगणात थुंकून यायचास ते मला ठाऊक, म्हणून ज्येष्ठमध मुठीनं जास्त घातलंय. आता सूज आहे तर दोन-दोन चमचे घे. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू ठेव, पण चूर्णाचं त्यांना बोलू नकोस. या लोकांना झाडपाल्याचा राग येतो.

एलिसाला माझा पापा दे. तुझ्या खोड्यांसकट तुझ्यावर माया करणारी,
फ्लॉसी


नंदाखाल,
५ डिसेंबर

ती. फ्लॉसीबाय यांस,
रिटाचा सादर प्रणाम वि. वि.

हे झोपून आहेत म्हणून मी लिहिते. तुम्ही काळजी करू नका, म्हणजे थोडी करा. सूज पोटऱ्यांवर चढली आणि ह्यांना आडवं पडवेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. आमच्या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ह्यांनी चर्चमध्ये मिस्सेला उभ्या राहिलेल्या पोरासारखा चेहरा केला आणि काही नाही म्हणाले. नेमकी चूर्णाची वेळ झाली होती. ते पोट साफ होण्याचं आहे असं ह्यांनी मला सांगितलेलं. मी आपली पर्समधून डबी काढली आणि बाईंकडेच पाणी मागितलं.

त्यात काय आहे ते हे सांगेनात. बहिणीला शब्द दिलाय म्हणाले. मग मी डोळे वटारले तेव्हा सांगितलं. ज्येष्ठमधानं अंगात मीठ-पाणी साठून राहतं, मग कितीही अळणी जेवा. रक्तातलं पोटॅशियमही उतरलंय. हृदयाच्या माणसाला हे धोक्याचं, असं बाई म्हणाल्या. चूर्ण बंद केलं, गोळ्या बदलल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की आधी सांगितलं असतं तर इतकं वाढलं नसतं.

महिनाभर मी ह्यांना बोंबीलचोर म्हटलं. घरी येऊन माफी मागितली. तेव्हा हे हळूच म्हणाले की, लोणच्याची बरणी कशी आहे ते बघायला रोझमेरीकडे गेलो होतो, तिथं दोन तुकडे खाल्ले. माफी मी परत घेतली.

लग्नात चालायचं की नाही, ते बाई पुढच्या तपासणीत सांगणार. हे रोज बूट पुसून ठेवतात. बाय, ते बघवत नाही मला.

आपला लोभ आहे तसाच राहो, डबा मात्र पाठवू नका.
आपली,
रिटा


नायगाव,
२९ डिसेंबर

चि. सॅन्टन यास अनेक आशीर्वाद.

लग्नघरात बोलायला धीर झाला नाही, म्हणून लिहिते. रिटाचं पत्र वाचून मी खूप रडले. तुला गोड लागावं म्हणून घातलं आणि त्यानंच तुझा श्वास कोंडला. चूर्ण फेकून दिलं. ग्रुपवर सगळं खरं लिहिलं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हटलं. त्यावर लोकांनी जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं पाठवली. वाचलं कुणी, देव जाणे.

काल तू बूट घालून चर्चच्या दारात उभा राहिलास तेव्हा मी वेदीपर्यंतचे बाक मोजले. डॉक्टरीणबाईंनी सावकाश चाला म्हणून सांगितलंय हे मला माहीत होतं. माझ्या शेजारी नवऱ्या मुलाकडच्या एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, किती शांत चालते मुलगी, आणि झग्याची केवढी काळजी.

तू मध्ये दोनदा थांबलास. दोन्ही वेळा एलिसा आधी थांबली, खाली वाकली आणि तुझी धाप ओसरेपर्यंत झगा सारखा करत राहिली. मी कडेलाच बसले होते, सॅन्टन. झगा नीटच होता.

माझ्यावर राग धरू नकोस.
तुझी बाय,
फ्लॉसी