चकाजवळची झीज

आप्पा, आणि चहाला दर वेळी मलाच का पिटाळायचात, तेही एकदा सांगून टाका. पडवीच्या भिंतीपलीकडं आपलीच चूल होती. बॅटरी मी धरली असती, चहा आईनं केला असता. पण नाही. पडवीत उजेड कमी म्हणून आई बॅटरी घेऊन तुमच्या लोखंड कातायच्या लेथपाशी उभी, आणि शाफ्टचा शेवटचा हात राहिला की तुम्ही मान वर न करता म्हणणार, "जा रं, नाक्यावरनं दोन कट घिऊन ये." मी येईपर्यंत मशीन बंद, शाफ्ट फडक्यात गुंडाळलेला, आणि तुम्ही तंबाखू मळत बसलेले. गार झालेला चहा माझ्याच हातात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या एका गोष्टीवरून माझं डोकं अजून फिरतं.

एकदाच पूर्ण शाफ्ट माझ्या हातात दिलात. पाथर्डी रोडच्या रसवंतीवाल्याच्या इंजिनाचा होता. बेअरिंग बसतं तिथं झिजून खड्डा पडलेला. तुम्ही वेल्डिंगचा थर चढवून दिला आणि म्हणालात, आता मापात आण. मी आणला. निदान मला तसं वाटलं. बेअरिंग बाहेरच्या टोकाला डुगडुगतंय आणि चकाकडं, म्हणजे मशीनच्या जबड्याकडं, सरकवलं की अडकून बसतंय. शाफ्ट एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड. तुम्ही रसवंतीवाल्यासमोर बोललात, "मशीनला डोळं न्हाईत, तुला तर हायेत का न्हाई?" तो हसला. "आप्पा, ह्याला माज्याकडं धाडा. ऊस वाकडा गेला तरी रस निघतुय." तुम्हीपण हसलात. मला ते हसणं लागलं. नववी सोडून मी तुमच्या हाताखाली आलो होतो, शाळेत हात चालत नाही म्हणून. आता लेथवरपण चालत नाही म्हटल्यावर माझ्याजवळ राहिलं काय?

तेच डोक्यात घेऊन मी इथं राजकोटला आलो, तुमचं सगळं उरकल्यावर लगेच. इथल्या मशीनला काचेचं दार आहे. दार उघडायचं, तुकडा लावायचा, दार लावायचं, बटन दाबायचं. माप ती स्वतः धरते. जरा आकडा बदलू का विचारलं तर सुपरवायझर म्हणतो, तुझं काम दाराचं. किती कारखाने बदलले, सगळीकडं दार तेच. मला वाटायचं, बरंय, वाकड्या हाताच्या माणसाला हेच काम बरं.

या साली धाकट्या भावानं गावाकडं तुमच्या लेथवरची ताडपत्री काढली. तुम्ही गेलात तेव्हा तो दुसरीत होता, तुमचं काम त्यानं नीट पाहिलेलंच नाही. शेतावरच्या इंजिनांचे शाफ्ट घ्यायला लागला आणि एकेक परत यायला लागले. मग फोनवर म्हणतो, "दादा, भंगारवाला बगून गेलाय. रविवारी टेम्पो घिऊन येतो म्हनतोय." मी विचारलं, शाफ्ट जाड कुठं राहतो? म्हणाला, "चकाकडं. दर बारीला." रसवंतीवाल्याचा माझा शाफ्टपण तिथंच जाड राहिला होता. दोन माणसं, इतक्या वर्षांच्या फरकानं, आणि चूक तीच? त्याला म्हटलं, बेडवर, कातायचं हत्यार ज्या लोखंडी पाटावरून सरकतं त्यावर, सरळ पट्टी ठेव आणि मागून उजेड टाक. टाकला. चकाजवळ पट्टीखालून उजेड आला.

बेड झिजलाय, आप्पा. चकाजवळ हत्यार खड्ड्यात बसून मागं सरतं, म्हणून शाफ्ट तिथं जाड राहतो. तुम्ही बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आणलात तेव्हापासूनच झिजलेला असणार. माझा हात वाकडा नव्हता. आणि हे तुम्हाला माहीत होतं.

मी फोनवर आरडाओरडा करत होतो, तर आईनं फोन घेतला. म्हणाली, "वराडतो कशाला? तुजं आप्पा चकापाशी आलं की बोलायचं बंद व्हायचं. फुडच्या हँडलाला निस्तं बोट लावायचं. फिरवायचं न्हाई, टेकवायचं." मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? "सांगतंय कोन. बॅटरी कोन धरीत हुतं?" दुसऱ्या दिवशी ती धाकट्याजवळ उभी राहिली. चौथा शाफ्ट बरोबर बसला. मग मी तिला चहाचं विचारलं. ती म्हणाली, "तू लई बडबड्या हुतास. मशीन झिजल्यालं हाय म्हनून गावभर झालं असतं, तर काम कोन दिल?"

म्हणजे गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून पोराला वाकड्या हाताचा ठरवलंत. पोट भरायचं होतं, कळतंय मला. पण नंतर तरी सांगायचं. दवाखान्यात किती दिवस मी उशाशी बसलो होतो. तिथं चहाला पाठवायचं कारण नव्हतं.

आता भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलंय. नगरला एमआयडीसीत एक जण बेड घासून सरळ करून देतो. आई नको म्हणते. "घासल्यावर त्येंचं काय ऱ्हातंय त्यात?" काही राहू नये, असंच मी म्हणतो. लोखंडाच्या किसात तिनं अजून किती वर्षं बॅटरी धरायची? आणि धाकट्याच्या पोरांनी तरी कुणाच्या बोटावर जगू नये.

घासणारा वीस हजार मागतो. वीस पाठवतो असं घरी सांगून बसलोय. पण त्यातले दोन मी ठेवून घेतले, गाडीच्या तिकिटाला. धाकट्याला सांगितलंय, मी येईपर्यंत मशीन हलवू नको. कारण सांगितलं नाही. त्या वाकड्या बेडवर मला एकदा बोट टेकवून बघायचंय, कुणी चहाला न पाठवता. पैसे पुरे झाल्याशिवाय घासणारा हात लावणार नाही, म्हणून आज पाठवतोय ते अठराच हजार.