चपलांचं वाक्य

बारके,

दूध तापवून ठेवलंय, थंड झालं की फ्रीजमध्ये टाक. मी आज लवकर निघाले. कॉलेजात काही नाहीये, तुझ्यासमोर बसून चहा घ्यायचं जिवावर आलं म्हणून निघाले.

स्पर्धेची गोष्ट तू मला तपासायला दिलीस. त्यातलं "आई कामावरून आली की आधी तिच्या चपला झोपतात, मग ती" हे वाक्य मी खोडलं आणि बाजूला 'अनावश्यक' लिहिलं. तू लगेच मान डोलावलीस. वर थँक्यू म्हणालीस.

अनावश्यक वगैरे काही नव्हतं. माझ्या पोटात दुखलं. रोज जे दिसेल ते पाच ओळींत लिहायचं, हे तुला मीच शिकवलं. आणि त्याच चपला मी इतकी वर्षं उचलून कोपऱ्यात ठेवतेय, मला मेलं काही दिसलं नाही.

गोष्ट आजच बाईंकडे द्यायचीये. वाक्य होतं तिथे परत घाल.

सोबत माझ्या वहीतलं पान फाडून ठेवलंय. खोडायच्या आधी मी तुझं वाक्य त्यावर उतरवून घेतलं होतं, खाली माझं नाव टाकून. लाल पेन टेबलाच्या खणात आहे. ते नाव तू खोड.

ताई